पटाशेजारचा पेला



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांतील एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. ते एका सूनबाईंचे आहे. त्या लिहितात : "माझे सासरे, ज्यांना मी बाबाच म्हणते, 74 वर्षांचे आहेत. सासूबाईंना जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून बाबा फारसे कोणाशी बोलत नाहीत. मात्र दर शनिवारी सायंकाळी त्यांचे जुने मित्र येतात, गॅलरीत बुद्धिबळाचा पट मांडला जातो, आणि पटाशेजारी दोन पेले येतात. बाबांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि रात्री झोपेची गोळीही आहे. पेला बंद करा म्हणावे, तर शनिवारच बंद पडेल अशी भीती वाटते. न म्हणावे, तर रात्रभर माझा डोळा लागत नाही. बुद्धिबळ खेळताना घ्यायला त्यातल्या त्यात बरे असे कोणते पेय आहे, ते सांगाल का? वाईन बरी की व्हिस्की?"

प्रश्न पेयाचा असला तरी पत्राचा गाभा पेयात नाही. एका एकाकी माणसाचा आठवड्यातील एकमेव उजळ प्रहर कसा सांभाळावा, हा त्याचा गाभा आहे. अशी पत्रे मला अधूनमधून येतात. म्हणून या अंकातील सदर सविस्तरपणे त्याच विषयाला दिले आहे.

खेळाचा आणि पेल्याचा जुना स्नेह

बुद्धिबळाच्या इतिहासात पेल्याच्या गोष्टी विपुल आहेत, हे आधीच मान्य करू या. इंग्लंडचे ख्यातनाम खेळाडू जोसेफ ब्लॅकबर्न (1841 ते 1924) एकाच वेळी अनेकांशी खेळत पटांवरून फिरत असता एका प्रतिस्पर्ध्याची व्हिस्की परस्पर पिऊन गेले, आणि वर "त्याने पेला उघडा सोडला, मी जाता जाता मारला" अशा अर्थाची कोटी त्यांनी केली, ही आख्यायिका खेळाडू आजही रंगवून सांगतात. आपले आजोबा मंडळी अशा गोष्टींचा आधार घेतात. "ब्लॅकबर्न पीत होते आणि ब्याऐंशी वर्षे जगले," असा युक्तिवाद मी स्वतः ऐकला आहे.

पण त्याच इतिहासात दुसरे पानही आहे. जगज्जेते अलेक्झांडर अलेखाइन 1935 साली हॉलंडमधील लढतीत मॅक्स यूवे या गणिताच्या शिक्षकाकडून 15½ विरुद्ध 14½ गुणांनी पराभूत झाले. त्या काळात त्यांचे मद्यपान वाढलेले होते. पराभवात त्याचा वाटा नेमका किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. यूवे उत्तम खेळले हेही खरेच. पण 1937 च्या परतीच्या लढतीपूर्वी अलेखाइन यांनी मद्य दूर ठेवले आणि 15½ विरुद्ध 9½ अशा फरकाने जगज्जेतेपद परत मिळवले. आपल्याच देशात, 2009 साली कोलकात्याच्या एका स्पर्धेत, मद्याच्या अमलाखाली आलेला एक परदेशी ग्रँडमास्टर जेमतेम अकरा चाली खेळून पटावरच झोपी गेला. उठवूनही तो उठेना, आणि डाव त्याच्या हातून गेला.

एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून मद्याचे गुण सिद्ध होत नाहीत, तसेच एका माणसाच्या डुलकीवरून सगळे दोषही सिद्ध होत नाहीत. तेव्हा किस्से बाजूला ठेवून शरीराकडे वळू या.

वाईन की व्हिस्की : साधा हिशेब

पेयाचे नाव, रंग आणि किंमत यांच्याशी शरीराला कर्तव्य नसते. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एकच : पेल्यात शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम आहे.

आपल्याकडील व्हिस्की, रम किंवा ब्रँडी यांत सामान्यतः 42.8 टक्के अल्कोहोल असते. त्यामुळे 30 मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम आणि 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल जाते. बारा टक्क्यांच्या वाईनचा 150 मिलिलिटरचा पेला सुमारे 14 ग्रॅमचा. आणि ज्या बिअरला घरोघरी "ती काय, सौम्यच" असे म्हटले जाते, तिची 650 मिलिलिटरची पाच टक्क्यांची बाटली सुमारे 25 ग्रॅमची, तर आठ टक्क्यांची 'स्ट्राँग' बाटली तब्बल 41 ग्रॅमची असते. म्हणजे एक स्ट्राँग बिअर ही चार लहान पेगांची बेरीज झाली.

यकृत हे अल्कोहोल आपल्या गतीने निस्तरते. ही गती सर्वसाधारणपणे तासाला सात ते दहा ग्रॅम असते. कॉफीने, थंड पाण्याने वा लिंबाने ती वाढत नाही. म्हणून दोन मोठे पेग घेऊन रात्री दहाला निजलेल्या माणसाच्या रक्तात पहाटेपर्यंत मद्य असू शकते.

"थोडी वाईन हृदयाला चांगली" ही समजूतही आता मागे पडली आहे. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टपणे मांडले. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात मद्याचा समावेश तर 1988 पासूनच आहे. ज्यांनी आजवर मद्य घेतलेले नाही, त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून ते कधीही सुरू करू नये.

सत्तरीचा देह आणि औषधांची डबी

"चाळीस वर्षे एवढेच घेतो आहे, कधी काही झाले नाही," असे ज्येष्ठ म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. पेला तोच राहिलेला असतो. देह बदललेला असतो. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे आणि स्नायूंचे प्रमाण घटते. तेवढेच मद्य आता कमी पाण्यात मिसळते आणि रक्तातील त्याची तीव्रता वाढते. चाळिशीतील दोन पेग आणि पंचाहत्तरीतील दोन पेग ही एक गोष्ट नव्हे.

त्यात औषधांची भर पडते. आपल्या घरातील डबी उघडून पुढील गोष्टी ताडून पाहा.

झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम : मद्याबरोबर त्यांचा परिणाम कित्येक पटींनी गडद होतो, तोल जातो, श्वास मंदावतो. हा संयोग जिवावर बेतू शकतो.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन : यांच्या जोडीला मद्य असेल तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तीही काही तासांनी, ऐन झोपेत.

रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या व हृदयाच्या काही गोळ्या : बसल्या जागेवरून उठताना रक्तदाब एकदम खाली येऊन भोवळ येते.

रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि सांधेदुखीच्या गोळ्या : जठरातून रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो.

आणखी एक सूचना. सर्दी-खोकल्याची काही पातळ औषधे आणि द्राक्षासवासारखी आसवे व अरिष्टे यांतही मद्यांश असतो. "मी थेंबही घेत नाही" म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, आणि मात्रा वैद्यांनी सांगितली तेवढीच घ्यावी.

येथे एक अनुभव सांगतो. माझ्या व्यवसायाच्या काळातील ही गोष्ट आहे. सत्तरीतील एक गृहस्थ मित्राच्या घरी बुद्धिबळ खेळत बसले होते. डाव रंगला, जेवण लांबले, दोन पेग चिवड्यावरच झाले. मध्येच त्यांनी उंट हत्तीसारखा सरळ चालवला. मित्र हसून म्हणाले, "आज जास्त झालेली दिसते!" उंट परत ठेवला गेला. दुसऱ्या चालीला पुन्हा तेच. तेव्हा मात्र मित्राचे हसू मावळले. तीस वर्षांत ज्या माणसाने चुकूनही उंट सरळ चालवला नव्हता, तो आज दोनदा चालवतो कसा? पाहतात तो कपाळावर घामाचे थेंब, बोटांना कंप. घरातील वहिनी स्वतः मधुमेही होत्या. त्यांनी तत्काळ आपल्या यंत्रावर साखर तपासली. ती फारच खाली गेली होती. रुग्ण शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांत त्यांची नजर स्थिर झाली. पुढची रात्र रुग्णालयात काढावी लागली, कारण गोळीचा अंमल टिकून असतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

कारण समजून घेण्याजोगे आहे. पोट रिकामे असताना यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडते. मद्य आले की यकृत त्याचा निचरा करण्यात गुंतते आणि साखरेचे ते काम मागे पडते. इकडे मधुमेहाची गोळी साखर उतरवीतच असते. घाम, कंप, असंबद्ध बोलणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात, आणि घरचे "झोपू द्या, उतरेल" म्हणून पांघरूण घालतात. त्या गृहस्थांचे दैव असे, की ते पटावर बसलेले होते आणि समोर त्यांची प्रत्येक चाल ओळखणारा माणूस होता. असा प्रसंग आल्यास साखर तपासा. शुद्ध असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

मग उत्तर काय?

सूनबाई, आपल्या बाबांना झोपेची गोळी आणि मधुमेह दोन्ही आहेत. त्यामुळे माझे उत्तर स्पष्ट आहे : त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात बरे असे मद्य नाही. वाईन नाही, व्हिस्की नाही, बिअरही नाही. शनिवारपुरती गोळी चुकवून पेला घ्यावा, असा तोडगा काही जण काढतात. तो तर आणखी वाईट. औषधांत बदल करायचा तो डॉक्टरांनीच.

ज्यांना अशी औषधे नाहीत, डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, आणि जे पेला सोडण्यास राजी नाहीत, त्यांच्यासाठी हानी कमी करणारे काही नियम सांगतो. माप डोळ्यांनी नव्हे, मापानेच घ्यावे. एका सायंकाळी 30 मिलिलिटरच्या एका पेगपुढे जाऊ नये, आणि रोजची सवय होऊ देऊ नये. आधी पोटभर खावे; चिवडा म्हणजे जेवण नव्हे. शेजारी पाण्याचा तांब्या असावा. शेवटचा घोट आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते, घोरणे वाढते आणि लघवीला उठावे लागते. अंधारात, भोवळलेल्या अवस्थेत न्हाणीघराकडे जाताना घसरणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हा ज्येष्ठांच्या बाबतीत नेहमी घडणारा घात आहे. म्हणून वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवावा. मित्राने वाहन चालवीत परत जाऊ नये, हे सांगणे न लगे.

खेळाच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मद्याचा परिणाम विवेक आणि नियोजन या मेंदूच्या कामांवर फार लवकर होतो. हात थरथरण्याच्या कितीतरी आधी पुढच्या तीन चाली मनात धरून ठेवण्याची शक्ती ढिली पडते, आणि आत्मविश्वास मात्र वाढतो. वजीर फुकट जातो, तो बहुधा याच संधिकाळात.

शनिवार राखावा, पेला बदलावा

आता मुख्य मुद्दा. बुद्धिबळ बंद होता कामा नये. 75 वर्षांवरील 469 व्यक्तींच्या एका अमेरिकी अभ्यासात, जो 2003 साली प्रसिद्ध झाला, वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. खेळामुळेच तो टळतो, असे यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण समोर मित्र बसलेला असणे, आठवड्याची वाट पाहणे, हरल्यावर पुन्हा पट मांडणे, यांचे मोल सांगायला अभ्यासाचीही गरज नाही.

आपण स्वतःला विचारावे : पटाशेजारी तो पेला नेमके काय काम करतो? बहुधा तो सांगतो की ही वेळ माझी आहे, मी यजमान आहे, माझा मित्र माझ्या घरी आला आहे. ते काम दुसऱ्या पेयाला करता आले, तरच बदल टिकेल. औषध दिल्यासारखा स्टीलच्या फुलपात्रात काढा आणून ठेवला, तर कोणीही रुसेल. तोच काचेचा नक्षीचा पेला, तोच ट्रे, तीच वेळ, आणि ओतण्याचा मान बाबांचाच असू द्या.

पेयांना काय तोटा? साखर न घातलेले, कोकमाच्या आगळाचे पाणी आणि त्यात चिमूटभर जिरेपूड. रंगाने ते वाईनलाही लाजवील. रक्तदाब असल्यास मीठ बेताचे, आणि आगळ आधीच खारवलेले असते हे विसरू नये. जिरे-पुदिन्याचे पातळ ताक. आले आणि लिंबू घातलेला साधा सोडा, ज्याची चुणचुण पेल्याची आठवण भागवते. पावसाळ्यात गवती चहा. हिवाळ्यात, डाव संपल्यावर, जायफळ घातलेले बिनसाखरेचे दूध. चहा-कॉफी झोपेची शत्रू असल्याने सायंकाळी पाचनंतर टाळावी. पण बुद्धिबळ आणि कॉफी यांचे नाते मद्याहून कमी जुने नाही. पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये अठराव्या शतकात फिलिदोरसारखे धुरंधर खेळले, ते कॉफीगृहच होते. तेव्हा पटाशेजारी मद्यच शोभते, ही समजूत खेळाच्या परंपरेलाही धरून नाही.

बिनमद्याच्या म्हणून मिळणाऱ्या बिअरविषयी सावध असावे. काहींत अल्प मद्यांश असतो, साखरही असते. ज्यांनी प्रयत्नपूर्वक व्यसन सोडले आहे, त्यांना तो वास पुन्हा जुन्या वाटेला नेऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शहाळ्याचे पाणी, आणि हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन असणाऱ्यांनी कोणतेही पेय, डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

बोलावे कसे?

शनिवारी, पट मांडलेला असताना, मित्रासमोर हा विषय काढू नये. मधल्या वारी, सकाळी, चहाच्या वेळी बोलावे. "बाबा, तुम्ही पिता" असा आरंभ न करता, "बाबा, शनिवारी रात्री तुम्ही उठता तेव्हा मी जागी असते, मला भीती वाटते," असे आपले मन सांगावे. औषधांची यादी घेऊन दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. जे सुनेने सांगितले तर टोमणा वाटतो, तेच डॉक्टरांनी सांगितले तर सल्ला ठरतो. आणि मित्रालाही विश्वासात घ्यावे. "काका, तुमच्याशिवाय त्यांचे ऐकणारे कोणी नाही," एवढे म्हणावे. बहुतेक वेळा काकांच्या घरीही हाच प्रश्न असतो, आणि त्यांनाही कोणीतरी आरंभ करावा असे वाटत असते.

मात्र एक इशारा. आठवड्यातून एखादा पेग घेणाऱ्याने तो एकदम थांबवण्यास हरकत नाही. पण वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर घेणाऱ्याने एका दिवसात मद्य तोडले, तर कंप, झटके आणि भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे. प्रमाण कमी करावेसे वाटणे, कोणी टोकल्यास राग येणे, घेतल्याबद्दल मनात अपराधी वाटणे, आणि सकाळी उठताच घ्यावेसे वाटणे, या चारांपैकी दोन गोष्टी होत असतील तर ते व्यसनाचे लक्षण असू शकते. त्यात लाज नाही, उपचार आहेत. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून हे काम करीत आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मदतवाहिनी 14446 क्रमांकावर, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा 14416 क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. जोडीदार गेल्यानंतर उतारवयात वाढलेला पेला पुष्कळदा दुःखाचा असतो. तेथे केवळ बाटली लपवून भागत नाही.

ज्या गृहस्थांची गोष्ट वर सांगितली, ते पुढे कित्येक वर्षे खेळत राहिले. त्या रात्रीनंतर मित्राने एकच नियम घातला : आधी जेवण, मग पट, आणि पटाशेजारी ताक. पहिले दोन शनिवार ते कुरकुरले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी सलग दोन डाव जिंकले आणि मला मुद्दाम फोन करून ते सांगितले.

सूनबाई, येत्या शनिवारी थोडा वेळ आपणही गॅलरीत जाऊन बसा. चाली समजल्या नाहीत तरी चालेल. बाबांना विचारा, "उंट असा तिरपाच का हो चालतो?" ते उत्तर देत असताना पेल्यात काय आहे, याकडे कदाचित त्यांचेही लक्ष राहणार नाही.

आपल्या पत्रांची वाट पाहतो. पुढील अंकी भेटू या.